दहा दिवसांची सेवायात्रा आणि रविवारची साक्ष

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या विनंतीवरून नाव, मंडळी आणि देश यांचा उल्लेख टाळून ते थोडक्यात देत आहे.

“आमच्या तरुण संघातील अकरा जणांच्या गटातून मी नुकतीच परदेशातील एका छोट्या मंडळीत दहा दिवसांच्या सेवेसाठी जाऊन आले. जाण्यापूर्वी मंडळीने आमच्यासाठी वर्गणी काढली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मी मोठ्या उमेदीने निघाले. तिथे माझ्याकडे मुलांचे वर्ग होते. मी दहा मिनिटे बोलले की दुभाषी ते दोन वाक्यांत सांगून मोकळा होई आणि मुले हसत; ती का हसत, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. सहाव्या दिवशी मला ताप भरला आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातच गेले. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या घरातील आजी रात्रभर माझ्या उशाशी बसून कपाळावर हात ठेवून प्रार्थना करीत होत्या. त्यांच्या प्रार्थनेतले प्रभूचे नाव आणि चुकीच्या उच्चारातले माझे नाव, एवढेच मला ओळखता आले. त्यांचे नाव मात्र मी विचारलेही नाही. माझ्यामुळे कोणी विश्वासात आले, असे मला म्हणता येणार नाही. निघताना एका मुलीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा ‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असे मी तिला सांगून बसले. परतून तीन आठवडे झाले. तिथे प्रार्थना आपोआप ओठांवर येत होती, इथे पवित्र शास्त्र उघडले तरी मन लागत नाही. आमची उपासना कोरडी वाटते, लोकांचे बोलणे क्षुल्लक वाटते आणि तसे वाटल्याबद्दल स्वतःचाच राग येतो. येत्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितले आहे. लोकांच्या पैशाने जाऊन मी आजारी पडून आले, हे व्यासपीठावरून कसे सांगू? आणि विश्वासाबद्दल मी तिथे नेमके काय शिकले?”

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. साक्षीत काय सांगावे, असे तुम्ही विचारता. पण ती साक्ष तुम्ही पत्रात लिहूनच पाठवली आहे, फक्त ती अपराधाच्या कबुलीसारखी लिहिली आहे. तापाने फणफणत असलेली एक परकी मुलगी आणि तिच्या उशाशी रात्रभर जागणारी एक वृद्ध विश्वासी स्त्री, यापेक्षा मोठे असे त्या दहा दिवसांत काही घडले असेल, तर ते तुमच्या पत्रात तरी मला सापडले नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्यापुढे सत्तर जणांना, काही प्रतींप्रमाणे बहात्तर जणांना, दोघादोघांनी गावोगाव पाठवतो. तीही एक अल्पकालीन सेवायात्राच होती, कारण ते सगळे पुढे परत आलेले आपल्याला दिसतात. त्यांना दिलेल्या सूचना मात्र आपल्या तयारीच्या यादीच्या अगदी उलट आहेत: पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत, ज्या घरात स्वीकार होईल तिथेच राहा, घरे बदलू नका आणि पुढ्यात वाढलेले खा. सुवार्ता घेऊन जाणाऱ्याने यजमानाच्या दारात गरजवंत म्हणूनच उभे राहावे, अशी ती योजना आहे. आपण आज विमानाने जातो, सामान बरोबर असते, प्रवासाचा विमा असतो, परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. त्यामुळे देणाऱ्याच्या जागेवरून खाली उतरण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येतच नाही. तुमच्यावर तो सहाव्या दिवशी आला. ताप देवाने मुद्दाम पाठवला असे मी म्हणत नाही आणि रविवारी तुम्हीही तसे म्हणू नये, कारण आजार हा आजारच असतो आणि ऐकणाऱ्यांमध्ये दीर्घ दुखण्याने गांजलेले कोणीतरी बसलेले असेल. परंतु त्या आजारात तुम्हाला जे मिळाले, ते देवाच्या हातून मिळाले, हे मी निःशंकपणे म्हणेन.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तुम्ही विश्वास घेऊन गेलात आणि तो तिथे आधीपासून होता. त्या आजींना रात्रभर जागून प्रार्थना करायला कोणत्याही तरुण संघाने शिकवले नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायातील पेत्र आणि कर्नेल्य यांची हकिकत आपण ‘एका रोमी शताधिपतीचे तारण’ म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. तरी तो अध्याय पुन्हा सावकाश वाचून पाहा. पेत्र निघण्यापूर्वीच कर्नेल्य प्रार्थना करीत होता, दानधर्म करीत होता, आणि देवाचा दूत त्याच्या घरी येऊन गेला होता. अडखळत होता तो पेत्र. यहुद्यांना निषिद्ध असलेले प्राणी घेऊन आकाशातून उतरणारे वस्त्र त्याला दृष्टान्तात तीन वेळा दाखवावे लागले, यापोहून कैसरियापर्यंतची सुमारे पन्नास किलोमीटरची वाट चालावी लागली आणि तेव्हा कुठे देव पक्षपाती नाही हे त्याच्या मुखातून बाहेर पडले. आणि तेही परक्याच्या घराच्या उंबरठ्याच्या आत आल्यावर! त्यानंतर त्या लोकांनी त्याला आणखी काही दिवस राहण्याची विनंती केली. सुवार्ता सांगायला गेलेल्या प्रेषिताचेच मन त्या प्रवासात पालटले. तुमच्या मनात जी अस्वस्थता आहे, ती याच जातीची असावी असे मला वाटते.

दुभाषाच्या बाबतीतही तुम्हाला प्रेषित पौलाची सोबत आहे. लुस्त्र नगरात त्याने एका जन्मतः पांगळ्या मनुष्याला उभे केले, तेव्हा लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले की देव माणसांच्या रूपाने उतरले आहेत. त्यांनी त्याचा सोबती बर्णबा याला ज्यूस आणि पौलाला हर्मेस, म्हणजे आपले ग्रीक देव, ठरवले. बैल आणि माळा घेऊन पुजारी वेशीपाशी आला, तेव्हाच या दोघांनी कपडे फाडून गर्दीत धाव घेतली. तोपर्यंत आपल्याविषयी काय बोलले जात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे असे वृत्तान्तावरून दिसते. भाषा येत नसली की माणसाला विनाकारण देवपण मिळते किंवा त्याचे हसू होते, आणि दोन्ही वेळा त्याला ते उशिरा कळते. तुमच्या वर्गाला मुले जमली ती निदान अंशतः तुम्ही परदेशी होता म्हणून जमली, हे मान्य करायला जड असले तरी मान्य करावे. दुभाषाने तुमची दहा मिनिटे दोन वाक्यांत का आटोपली, हे मला सांगता येणार नाही. परंतु ती मुले त्याची रोजची आहेत, कोणत्या वयाच्या मुलाला किती पेलते हे त्याला ठाऊक आहे, आणि तुम्ही निघून गेल्यावर येणाऱ्या रविवारी तोच त्यांच्यापुढे उभा राहणार आहे. खरा शिक्षक तो होता आणि तुम्ही त्याच्या वर्गातल्या पाहुण्या होता. त्याला पत्र लिहा, मुले का हसत होती ते मोकळेपणाने विचारा, आणि जे उत्तर येईल ते मनाला लावून घेऊ नका.

कोणी विश्वासात आले नाही, या दुःखाविषयी थोडक्यातच लिहिते. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरला आणि त्याच्या कार्यातील पहिला बंगाली बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये, कृष्ण पाल या सुताराचा झाला. अमेरिकन मिशनरी अॅडोनिराम जडसन १८१३ साली ब्रह्मदेशात पोहोचला आणि तिथल्या पहिल्या विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा व्हायला १८१९ साल उजाडले. ही माणसे तिथे राहिली, भाषा शिकली, भाषांतरे केली, आपली माणसे त्या मातीत पुरली, आणि तरी सहा-सात वर्षे वाट पाहिली. दहा दिवसांच्या यात्रेकडे तुम्ही तोच हिशेब मागत असाल, तर तो मागण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. सत्तर जण आनंदाने परतून आपल्या पराक्रमाचे वर्णन करू लागले, तेव्हाही प्रभूने त्यांचा आनंद त्या यशावरून काढून त्यांची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत या गोष्टीवर नेला. त्या वचनाचा आधार यशस्वी माणसाइतकाच रिकाम्या हाताने परतलेल्यालाही आहे.

आता ज्या गोष्टीविषयी मला तुमच्याशी थोडे कठोरपणे बोलायचे आहे, ती म्हणजे त्या मुलीला दिलेला शब्द.

अनेक वर्षांपूर्वी मीही अशाच एका यात्रेला गेले होते. तिथे एक मुलगा रोज आमच्या गाण्यांच्या वेळी पेटीजवळ येऊन उभा राही. निघताना त्याने माझ्या हातातले गीतांचे पुस्तक मागितले. ते माझे एकुलते असल्याने ‘घरी पोहोचले की दुसरे पाठवते’ असे मी त्याला सांगितले. ते मी पाठवले नाही. कारण असे काहीच नव्हते. परतल्यावर आपल्या कामात बुडाले आणि विसरले, इतकेच. दोन वर्षांनी तिथल्या पाळकांचे एका वेगळ्याच कामासंबंधी पत्र आले आणि त्याच्या शेवटी एक ओळ होती: तो मुलगा अजून पुस्तकाची चौकशी करतो. त्या ओळीने मला जी लाज वाटली ती अजून पुसली गेलेली नाही. मी तिथे वधस्तंभावर आणि देवाच्या विश्वासूपणावर किती भाषणे केली असतील. त्या मुलाच्या लक्षात मात्र ख्रिस्ती माणसाचा न पाळलेला शब्द राहिला.

जिथे वर्षातून तीन-चार गट येऊन जातात, तिथली मुले दर वेळी नवी माया लावतात आणि दर वेळी ती माणसे निघून जातात. आपल्याला तो एक हृद्य निरोप वाटतो. त्यांच्यासाठी तो आणखी एक निरोप असतो. तुम्ही पुढच्या वर्षी जाणार की नाही हे तुम्हालाच माहीत नाही, तेव्हा ‘होय’ म्हणजे होय आणि ‘नाही’ म्हणजे नाही असावे, ही प्रभूची आज्ञा इथे अक्षरशः पाळावी लागेल. त्या मुलीला तिच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेमार्फत किंवा पाळकांमार्फत सोप्या शब्दांत लिहा: मी येईन असे म्हणाले, पण ते माझ्या हातात नव्हते, मी बोलण्यात घाई केली, मला क्षमा कर. जमणार असेल तेवढेच पुढचे कबूल करा. वर्षातून दोन पत्रे लिहिणे जमणार असेल, तर दोनच म्हणा. तिला परस्पर पैसे किंवा भेटवस्तू पाठवू नका, कारण एकाच घरी परदेशातून काही आले की शेजारच्या चार घरांत काय होते, हे तिथल्या वडीलजनांनाच निस्तरावे लागते. आणि रविवारी पडद्यावर तिचा फोटो दाखवणार असाल, तर त्याआधी तिच्या पालकांची संमती घ्या. ती मिळाली नाही, तर दाखवू नका.

पौल थेस्सलनीकात गेला तेव्हा त्याने सभास्थानात तीन शब्बाथ वादविवाद केला आणि पुढे दंगल झाल्यावर बंधुजनांनी त्याला रातोरात बाहेर काढले. करिंथात तो दीड वर्ष राहिला, इफिसात तीन वर्षे; त्या मानाने हा मुक्काम लहानच. पण त्या माणसांची चिंता त्याने त्या रात्रीवर सोडून दिली नाही. त्याला राहवेना, म्हणून त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला परत धाडले, त्यांची खबर मिळाली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला आणि मग त्याने त्यांना पत्रे लिहिली, जी आपण आजही वाचतो. थोडे दिवस राहिलो म्हणून जबाबदारीही थोडी, असे त्याने कधी धरले नाही. तुमच्या दहा दिवसांचे मोल पुढच्या दोन वर्षांत ठरायचे आहे.

पैशांविषयीची तुमची टोचणी मी शांत करणार नाही, कारण ती योग्य आहे. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून अनेक ख्रिस्ती गट गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या गटांतील लोकांचा आणि घरे मिळालेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. परदेशी गटांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबांमध्ये आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांतील कुटुंबांमध्ये त्याला विशेष फरक आढळला नाही. ‘या यात्रेने माझे जीवन बदलले’ असे सांगणाऱ्या यात्रेकरूंच्या दानात आणि प्रार्थनेतही टिकाऊ बदल फारसा दिसला नाही. हे वाचून यात्रा बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. मीच एका यात्रेने घडले आहे. परंतु मंडळीने हा प्रश्न विचारावा, आणि तुमच्यासारख्या परतून आलेल्या व्यक्तीने तो विचारायला मदत करावी. यजमान मंडळीला पुढच्या वेळी अकरा माणसे हवी आहेत की दोनच माणसे जास्त दिवसांसाठी हवी आहेत, की माणसे नकोतच आणि एखाद्या स्थानिक सेवकाच्या प्रशिक्षणाला हातभार हवा आहे, हे त्यांना निर्भयपणे सांगता येईल अशा रीतीने विचारले पाहिजे. पाहुण्यांसमोर ‘नको’ म्हणणे कोणालाच सोपे नसते. वर्गणी देणाऱ्यांचे ऋण भावपूर्ण साक्षीने फिटत नाही. खर्चाचा हिशेब, तिकडच्या मंडळीचे खरे म्हणणे आणि तुमचे पुढचे नेमाने केलेले दान व प्रार्थना, यांनीच ते काही अंशी फिटेल.

मनाच्या कोरडेपणाला मात्र इतके घाबरू नका. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहून आलेला एलीया संदेष्टा पुढच्याच अध्यायात रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करीत नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवतो आणि वाट तुला झेपणार नाही म्हणून खाऊन घे, असे सांगतो. तिथे तुम्ही रोज पहाटे अकरा जण मिळून प्रार्थनेला बसत असाल, घरकाम आणि नोकरी मागे राहिलेली असेल, प्रत्येक दिवस नवा असेल. त्या दिवसांतली प्रार्थना खोटी नव्हती, परंतु तिला इतरांच्या खांद्यांचा आधार होता. आता तीच प्रार्थना एकटीने, ठरलेल्या वेळी, मन लागो न लागो, करावी लागेल. सध्या लांबलचक अभ्यास ठेवू नका. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि एका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा. त्या आजींनी तुमच्यासाठी याहून अधिक काही केले नव्हते. झोप पुरी घ्या. ताप पुन्हा आला, तर डॉक्टरांना परदेश प्रवासाची माहिती आवर्जून द्या, कारण हिवतापासारखे आजार काही आठवड्यांनीही वर येतात.

ज्यांचे बोलणे तुम्हाला क्षुल्लक वाटते, त्यांच्याविषयी एकच गोष्ट लक्षात आणून देते. जाण्यापूर्वी तुमच्या डोक्यावर हात ठेवले होते, ते याच माणसांनी. तुमच्या मंडळीतही कोणाच्या तरी उशाशी रात्र काढणारी एखादी आजी असणारच. तुम्ही तिच्या घरी अजून आजारी पडलेल्या नाहीत, म्हणून ती तुम्हाला दिसलेली नाही. आणि तिकडच्या लोकांची एकमेकांशी चाललेली बोलणी तुम्हाला समजली असती, तर त्यांतलीही अर्धीअधिक याच तोलाची निघाली असती.

म्हणूनच रविवारी एक वाक्य कटाक्षाने टाळावे, जे अशा साक्षींमध्ये हमखास ऐकू येते: ‘त्यांच्याकडे काही नाही, तरी ते किती आनंदी आहेत!’ असे म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण पाहुणे आले म्हणून प्रसन्न राहिलेल्या यजमानांना आपण नेहमीच प्रसन्न ठरवतो, त्यांचे रडणे आपल्या कानावर आलेले नसते, आणि आले असते तरी आपल्याला त्यांची भाषा कळत नव्हती. त्यांची गरिबी आपल्याला धडा देण्यासाठी नाही. तिच्याविषयी ते स्वतः देवापाशी तक्रार करीत असतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगा: एक खोली, एक हात, एक रात्र, न समजलेली एक प्रार्थना.

पौल आणि बर्णबा पहिल्या यात्रेवरून अंत्युखियास परतले, तेव्हा त्यांनी आपल्याला पाठवणाऱ्या तिथल्या मंडळीला एकत्र जमवून देवाने आपल्याबरोबर राहून काय काय केले आणि परराष्ट्रीयांसाठी विश्वासाचे दार कसे उघडले, हे सांगितले. याच यात्रेत पौलाला दगडमार करून मेला समजून शहराबाहेर ओढून टाकले होते. त्या निवेदनात दगडांना किती जागा मिळाली, हे लिहिलेले नाही. वाक्याचा कर्ता मात्र देव आहे. तुमचा तापही त्या वाक्यात न लपवता बसू शकतो. सहा-सात मिनिटे बोला, वर्गणी देणाऱ्यांचे आभार माना, मुलीला दिलेल्या शब्दाची चूक सांगा, दुभाषासाठी आणि तिथल्या पाळकांसाठी प्रार्थना मागा. पौल आणि बर्णबाच्या त्या निवेदनाच्या पुढच्याच वचनात आहे की ते दोघे तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. तुम्हीही साक्षीनंतर पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसा.

आज गुरुवार असो की शुक्रवार, तिथल्या पाळकांना संदेश मात्र आजच पाठवा आणि त्यात इतर काहीही विचारण्याआधी त्या आजींचे नाव विचारा. ते रविवारच्या आत कळले, तर मंडळीला त्या नावाने प्रार्थना करता येईल. त्यांनी तुमचे नाव चुकीच्या उच्चारात घेतले होते. त्यांचे नाव तुमच्याकडून तसेच उच्चारले गेले, तरी चालेल.

ख्रिस्तात तुमची,
सदर लेखिका